सोसायटीच्या कॅम्पमध्ये सासऱ्यांचा सीईए वाढलेला आलाय, रक्तावरून फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर कळतो का?

कोलशेत_मुक्ता
नमस्कार मंडळी. आमच्या कोलशेतच्या सोसायटीत मागच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये एका खाजगी लॅबने हेल्थ चेकअप कॅम्प लावला होता. शुगर, थायरॉइड, लिपिड असं नेहमीचं पॅकेज, आणि वर थोडे पैसे भरले की 'लंग कॅन्सर मार्कर' म्हणून रक्तातली दोन प्रोटीन्स मोजायच्या टेस्ट जास्तीच्या, सीईए आणि सायफ्रा २१-१. सासऱ्यांनी त्याही करून घेतल्या. बाबा ६८ वर्षांचे, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले, पस्तीसेक वर्षं सिगरेट ओढायचे, रिटायर झाल्यापासून पूर्ण बंद.

रिपोर्ट व्हॉट्सॅपवर आला. सायफ्रा नॉर्मल पण सीईए ६.८, बाजूला रेंज ५ पर्यंत, आकडा लाल आणि ठळक, खाली बारीक अक्षरात 'डॉक्टरांचा सल्ला घ्या'. बास, एवढंच. तेव्हापासून बाबांचं जेवणात लक्ष नाही, रात्री उठून हॉलमध्ये बसलेले असतात, आणि वर लॅबमधून फोन आला की आमचं एक अॅडव्हान्स पॅनल आहे ते करून घ्या म्हणजे नक्की कळेल. नवरा म्हणतो सरळ सीटी करू, नणंद म्हणते पेट स्कॅनच करून मोकळे होऊ. खोकला नाही, वजन उतरलेलं नाही, रोज उपवनला चालायला जातात.

मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. ही प्रोटीन्स रक्तात वाढली म्हणजे नेमकं काय होतं, आणि आता पहिलं पाऊल कुठलं टाकायचं. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज लिहा.

वाशी_ट्यूब
ताई, मी वाशीत बरीच वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीला आहे, म्हणून लिहितो. आधी बाबांना सांगा की ६.८ हा आकडा कॅन्सरचा रिपोर्ट नाहीये. सीईए हे प्रोटीन १९६५ मध्ये माँट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलं ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, फुफ्फुसाशी त्याचा खास असा संबंध नाही. सिगरेट ओढणाऱ्यांत ते तसंही थोडं वर असतं, लिव्हरचा त्रास, पोटातली सूज, जुना दमा-सीओपीडी, यातही थोडं वाढतं. कॅन्सर पसरलेला असतो तेव्हा आकडे बऱ्याचदा दहा-वीस पट गेलेले दिसतात. सहा-सातच्या आसपासचा एकच आकडा बघून कुणीही काहीही ठामपणे सांगू शकत नाही, ना हो ना नाही.

आमच्या बाजूची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ह्या मार्करला सॅम्पल कसं हाताळलं याने खूप फरक पडतो. एनएसई नावाचा मार्कर लाल रक्तपेशींमध्येही असतो, त्यामुळे रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या की तो खोटाच वाढतो. प्रोजीआरपी हा दुसरा मार्कर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरतं ते पाणी) टिकत नाही, त्याला प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातलं पाणी) लागतो. किडनी कमजोर असेल तर प्रोजीआरपी आणि सायफ्रा दोन्ही वर दिसतात. कॅम्पमध्ये काय होतं, सकाळी सातला टेबल लागतं, अकरापर्यंत ट्यूब स्टँडमध्येच उभ्या, मग बॉय बाइकवरून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सेंटरला घेऊन जाणार आणि तिथे मशीनवर लागायला दुपार. सीईए त्यातल्या त्यात दणकट आहे, तो टिकतो, पण 'अॅडव्हान्स पॅनल'मध्ये नाजूक मार्कर असतील तर कॅम्पच्या सॅम्पलवर ते करूच नका.

अजून एक, रिपीट कराल तेव्हा त्याच लॅबमध्ये, त्याच मेथडवर करा. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. इथे ६.८ आणि दुसरीकडे ५.१ आला तर 'उतरला' म्हणून आनंद नको आणि उलटं झालं तर रडारडही नको.

ऐरोली_आबा
माझा जिवलग मित्र गेला या रोगाने. कळलं तेव्हा हाडात पोचला होता. आधीचं वर्षभर हा माणूस ठणठणीत, नवरात्रात रात्रभर उभा राहून काम करणारा. म्हणून मला मनापासून वाटतं की वर्षातून एकदा रक्त देऊन जर हे कळणार असेल तर प्रत्येक पन्नाशीच्या वरच्या माणसाची ही टेस्ट झालीच पाहिजे, सरकारने फुकट करावी. चारदा चुकीची आली तरी चालेल, एकदा बरोबर आली तर माणूस वाचतो ना.

खारघर_मट्ठा
आबा, तुमच्या मित्राबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणताय ती इच्छा या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाची आहे. मी प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे शरीरातली प्रोटीन्स मोजायच्या शास्त्रात काम करतो, दिवसभर हेच चालतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

स्टेज फार महत्त्वाची आहे यात वादच नाही. गाठ एक सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतर जिवंत असतात, आणि शरीरभर पसरल्यावर तोच आकडा दहाच्या आत येतो. म्हणून लवकर पकडायचं. पण लवकर म्हणजे गाठ छोटी, आणि गाठ छोटी म्हणजे ती रक्तात सोडते ते प्रोटीनही अगदी कमी, ते पाच लिटर रक्तात मिसळणार, शिवाय तेच प्रोटीन शरीरातले निरोगी अवयवही रोज थोडंथोडं सोडत असतात. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर एका माणसाची कुजबुज ऐकायची, असं ते काम आहे. गाठ मोठी झाली की आवाज आपोआप वाढतो, पण तोवर उशीर झालेला असतो. सीईए, सायफ्रा हे जुने मार्कर म्हणूनच ट्रीटमेंट चालू असताना कामाचे, केमो लागू पडतेय का, पुन्हा उलटलाय का हे बघायला. चांगल्याभल्या माणसात शोध घ्यायला ते एकेकटे पुरत नाहीत.

आता 'चारदा चुकीची आली तरी चालेल' याचा हिशोब. समजा टेस्ट चांगली आहे, १०० कॅन्सरवाल्यांपैकी ८० पकडते आणि निरोगी १०० पैकी ९० जणांना बरोबर निरोगी म्हणते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतोय. पन्नाशीच्या वरचे सरसकट १०,००० लोक घेतले आणि त्यात खरे पेशंट ५० असले, तर टेस्ट ४० जणांना पकडेल, १० सुटतील, आणि निरोगी ९,९५० मधल्या ९९५ जणांना पॉझिटिव्ह सांगेल. म्हणजे लाल आकडा आलेल्या १,०३५ पैकी खरे फक्त ४०, शंभरात चारसुद्धा नाहीत. उरलेल्या सगळ्यांच्या घरी मुक्ताताईंच्या घरी चाललंय तेच, आणि त्यातल्या काहींच्या छातीत बायोप्सीची सुई जाणार, काहींचं फुफ्फुस त्याने पंक्चर होणार. आता हीच टेस्ट वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेल्या लोकांतच केली, जिथे १०,००० मध्ये समजा २०० पेशंट आहेत, तर पॉझिटिव्ह १,१४० आणि खरे १६०. टेस्ट तीच, पण कुणावर करताय त्याने तिचा अर्थ बदलतो. सोसायटीच्या कॅम्पमध्ये तिशीतल्या आयटीवाल्यांनाही हेच पॅकेज विकतात याचा मला खरंच राग येतो.

घणसोली_रेवा
बुकमार्क करतेय. पण मग नवीन काही चांगलं चाललंय की नाही या विषयात? पेपरात तर दर महिन्याला येतं रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर वगैरे.

खारघर_मट्ठा
रेवाताई, चाललंय, आणि चांगलं चाललंय. एका मार्करऐवजी तीन-चार एकत्र घ्यायचे आणि सोबत वय, सिगरेटचा इतिहास जोडायचा, ही दिशा बरोबर निघाली. २०१८ मध्ये जामा ऑन्कॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये एक काम आलं, चार प्रोटीन्सचं पॅनल, प्रो-सर्फॅक्टंट प्रोटीन बी, सीए-१२५, सीईए आणि सायफ्रा. त्यातली खुबी अशी की रक्त कॅन्सर कळायच्या आधी वर्षभरात घेऊन ठेवलेलं होतं, म्हणजे माणूस तेव्हा बरा होता. नुसत्या सिगरेटच्या इतिहासावर १०० पैकी ४३ पकडले जात होते, प्रोटीन्स जोडल्यावर ६३, खोटे पॉझिटिव्ह न वाढवता. हा मोठा फरक आहे. नंतर २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्याच गटाने हजाराहून जास्त प्रोटीन्स मोजून त्यातली ३६ वेगळी काढली, जी निदानाच्या तीन वर्षं आधीपर्यंतच्या रक्तात हललेली दिसतात. सॅम्पल अमेरिका, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलियातल्या जुन्या साठ्यातलं होतं.

यातली बरीच प्रोटीन्स गाठीतून आलेली नसतातच. गाठीच्या आजूबाजूला जी सूज असते, शरीराची जी धावपळ सुरू झालेली असते, तिचे ते माग आहेत. म्हणून ती लवकर दिसतात, आणि म्हणूनच दुसऱ्या कुठल्या सुजेनेही हलू शकतात. आपल्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची, त्यावर कुणीतरी विचारेल म्हणून थांबतो.

नेरुळ_श्वास
मी छातीचा डॉक्टर आहे, नेरुळला ओपीडी असते. मुक्ताताई, आधी एक प्रश्न. बाबांची सिगरेट रोज किती, आणि पाकीट दहाचं की वीसचं? आपल्याकडे पेशंट 'एक पाकीट' म्हणतात तेव्हा बहुतेक दहाचं असतं आणि परदेशी हिशोबात पाकीट वीसचं, त्यामुळे अर्धा हिशोब तिथेच चुकतो.

कोलशेत_मुक्ता
डॉक्टर, बाबांना विचारलं. दहाची दोन पाकिटं रोज, कधी त्याहून थोडी जास्त. सोडून आठ वर्षं होतील.

नेरुळ_श्वास
म्हणजे रोज वीस, पस्तीस वर्षं. याला ३५ पॅक-इयर म्हणतात, म्हणजे वीसचं एक पाकीट रोज, गुणिले वर्षं. अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे ५० ते ८० वय, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढतोय किंवा १५ वर्षांच्या आत सोडलीय, अशा माणसाने दरवर्षी लो डोस सीटी, म्हणजे कमी रेडिएशनचा सीटी करावा. तुमचे बाबा त्यात पूर्ण बसतात. म्हणजे सीईए ३ आला असता तरी मी त्यांना सीटी सांगितला असता. लाल आकड्याने घाबरवलं खरं, पण त्यांच्या बाबतीत सीटीचं कारण ती पस्तीस वर्षं आहेत. आणि नॉर्मल आला असता तर घरचे निर्धास्त झाले असते, मला जास्त काळजी त्याची वाटते. अशा टेस्टचा नॉर्मल रिपोर्ट खिशात घेऊन सिगरेट ओढत राहणारे पेशंट मी बघतो.

लो डोस सीटीचा पुरावा पक्का आहे. अमेरिकेतल्या एनएलएसटी ट्रायलमध्ये ५३,४५४ लोक होते, अर्ध्यांना सीटी, अर्ध्यांना साधा एक्स-रे, आणि २०११ मध्ये निकाल आला की सीटीवाल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी. नेदरलँड्स-बेल्जियमच्या नेल्सन ट्रायलमध्ये २०२० ला पुरुषांत २४ टक्के कमी. साध्या एक्स-रेने मात्र मृत्यू कमी होत नाहीत, हेही मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालंय, म्हणून 'एक्स-रे क्लिअर आहे' यावर सिगरेटवाल्या माणसाने विसंबू नये.

पेट स्कॅन आत्ता नको. सेंटरवर जाताना चिठ्ठीवर 'लो डोस सीटी चेस्ट, कॉन्ट्रास्टशिवाय' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर काउंटरवर नेहमीचा फुल डोस करून टाकतात. लो डोसचं रेडिएशन साधारण दीड मिलिसिव्हर्टच्या आत असतं. आणि घरात जुने एक्स-रे, जुन्या फिल्म असतील तर त्या शोधून सोबत न्या, डाग जुना आहे की नवा हे त्यावरूनच कळतं. सीईए महिना-दीड महिन्याने त्याच लॅबमध्ये एकदा रिपीट करा आणि तो आतड्याशी जास्त जोडलेला असल्यामुळे पोटाच्या डॉक्टरांशीही एकदा बोला, शौचातून रक्त, पोट साफ होण्यात बदल, असं काही असेल तर लपवू नका म्हणावं.

तुर्भे_गिरणे
हे सगळं वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझे मामा तुर्भेला खाणीच्या क्रशरवर होते, नंतर ट्रकवर. विडी होतीच. खोकला आणि थोडं रक्त पडलं म्हणून एका दवाखान्यात नेलं, एक्स-रेत वरच्या बाजूला सावली दिसली, डॉक्टर म्हणाले टीबी, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू. थुंकीची तपासणी केलीच नाही. मामी रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या द्यायची, लघवी केशरी झाली म्हणजे औषध लागू पडतंय असं तिला कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे ती रोज विचारायची, केशरी आहे ना? मामा हो म्हणायचे. कोर्स संपत आला तरी वजन उतरतच होतं, मग दुसऱ्यांदा एक्स-रे काढला तर सावली दुप्पट. परळला टाटाला नेलं तोवर दोन्ही बाजूंना होतं.

मला एवढंच विचारायचंय, की तेव्हा अशी रक्ताची टेस्ट केली असती तर टीबी की कॅन्सर हे कळलं असतं का?

खारघर_मट्ठा
दादा, मामांबद्दल वाचून पोटात कालवलं. तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

तुमच्या मामांना जी टेस्ट हवी होती ती अगदी साधी आणि सरकारीत फुकट होती, थुंकीची. सीबीनॅट या थुंकीच्या मशीन-टेस्टमध्ये टीबीचा जंतू काही तासांत कळतो. जंतू सापडला नाही आणि सावली आहे, वय पन्नासच्या वर आहे, विडी आहे, तर पुढचं पाऊल सीटी आणि सुईने तुकडा घेणं. रक्तातल्या प्रोटीन्सनी हे काम केलं नसतं. सीए-१२५ टीबीतही वाढतो, छातीत नाहीतर पोटात टीबीचं पाणी झालं की चांगलाच वाढतो. सायफ्रा इतर फुफ्फुसाच्या आजारात थोडा वर जातो. मघाशी म्हटलं ना की नवीन ३६ मधली बरीचशी सुजेची प्रोटीन्स आहेत, तर टीबी ही सूजच आहे. ज्या देशांत ही पॅनल बनली तिथे टीबी आपल्यापेक्षा खूपच कमी. ठाणे, कळवा, मुंब्रा, तुर्भे इथल्या माणसाच्या रक्तावर तीच पॅनल त्याच कटऑफने लावायची म्हणजे चूक होणार. आपल्याकडचे टीबीचे पेशंट, टीबी होऊन गेलेले, धूळ खाल्लेले, चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायका, यांची सॅम्पल गोळा करून कटऑफ नव्याने बसवावे लागतील. आपल्या इथे खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, पवईत आयआयटीत प्रोटिओमिक्सची लॅब आहे, माणसं आहेत, मशीन आहेत. वर्षानुवर्षं जपून ठेवलेली सॅम्पल लागतात आणि तीच गोळा करणं सगळ्यात चिकाटीचं काम आहे.

नेरुळ_श्वास
यात एक भर. टीबी की कॅन्सर यासाठी एक प्रोटीनची टेस्ट आपण रोज करतो, फक्त ती रक्तावर नसते. छातीत पाणी झालं की ते सुईने काढून त्यात एडीए बघतो, हे एक एन्झाइम म्हणजे प्रोटीनच. ते ४० युनिटच्या वर आणि लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर कल टीबीकडे. एडीए कमी असेल आणि त्याच पाण्यात सीईए खूप वाढलेला असेल तर कल कॅन्सरकडे, मग पाण्यातल्या पेशी बघायच्या. इथे प्रोटीन मोजणं उपयोगी पडतं कारण ते रोगाच्या शेजारीच साठलेलं असतं, अख्ख्या रक्तात पातळ झालेलं नसतं. ज्यांच्या घरी कुणाचं छातीतलं पाणी काढलंय त्यांनी रिपोर्टवर एडीए आणि सायटोलॉजी (पेशींची तपासणी) दोन्ही आहेत का बघा, एकच पाठवलेलं असतं बऱ्याचदा.

आणि एकेटी सुरू करून दोन महिने झाले, तरी वजन वाढत नाही, सावली तशीच, तर थांबू नका. विचारा डॉक्टरांना, पुरावा काय आहे टीबीचा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

ऐरोली_आबा
समजलं हिशोबाचं. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. तुम्ही म्हणता सीटी करा. शहापूर-मुरबाडच्या माणसाला, तुर्भ्याच्या क्रशरवरच्या माणसाला दरवर्षी सीटी कोण करणार? रक्त तर आरोग्य केंद्रातही काढता येतं. मग आधी रक्त आणि त्यात जे येतील त्यांनाच सीटी, असं का नाही करत?

खारघर_मट्ठा
आबा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. स्कॉटलंडमध्ये नेमकं हेच करून बघितलं. १२,२०८ लोक, ५० ते ७५ वयाचे, सिगरेटवाले. अर्ध्यांची रक्ताची टेस्ट केली, त्यात शरीराने गाठीविरुद्ध बनवलेल्या सात अँटिबॉडीज मोजल्या, पॉझिटिव्ह आले त्यांना सीटी. दोन वर्षांत उशिराच्या स्टेजला सापडलेले पेशंट टेस्टवाल्या गटात ३६ टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे रस्ता चुकीचा नाही. पण त्याच गटात जे ५६ कॅन्सर निघाले त्यातले टेस्टने फक्त १८ पकडले, ३८ जणांना टेस्ट निगेटिव्ह होती. त्या ३८ जणांचं काय? म्हणून मी म्हणतो, रस्ता हाच पण टेस्ट अजून तेवढी धारदार नाही.

आणि लवकर सापडणं म्हणजे वाचणं असंही दरवेळी होत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर सीए-१२५ ने अंडाशयाच्या कॅन्सरची ट्रायल झाली, रोग लवकरच्या स्टेजला जास्त सापडला, पण २०२१ मध्ये निकाल आला तर मृत्यू कमी झालेच नव्हते. म्हणून कुठल्याही लॅबने '९० टक्के अॅक्युरेट' म्हटलं की विचारायचं, मृत्यू कमी झाले का, आणि कुणावर तपासलं.

आज प्रोटीन सगळ्यात कामाला येतंय ते सीटीनंतर. एनएलएसटीत सीटी पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या ९६ जणांना कॅन्सर नव्हताच. या मधल्या गाठींचं करायचं काय हा खरा प्रश्न. अमेरिकेत ८ ते ३० मिलिमीटरच्या गाठीसाठी एलजी३बीपी आणि सी१६३ए या दोन प्रोटीन्सची टेस्ट आहे, तिचा अभ्यास २०१८ मध्ये आला, ज्यांच्यात शंका कमी आहे त्यांची बायोप्सी टाळायला ती मदत करते. आपल्याकडे टीबीच्या जुन्या गाठी एवढ्या असतात की अशी टेस्ट, आपल्या लोकांवर बसवलेली, सगळ्यात जास्त इथेच लागेल.

घणसोली_रेवा
आणि आम्ही बायका, ज्यांनी सिगरेट हातात धरली नाही? माझ्या आत्याला झाला होता.

नेरुळ_श्वास
रेवाताई, आपल्याकडे सिगरेट न ओढलेले पेशंट खूप आहेत, त्यात बायका बऱ्याच, आणि त्यात अॅडिनोकार्सिनोमा हा कॅन्सरचा प्रकार जास्त. तैवानमध्ये सिगरेट न ओढणाऱ्या पण घरात इतिहास असलेल्या नाहीतर इतर धोका असलेल्या १२,०११ लोकांचा लो डोस सीटी केला तर २.६ टक्क्यांत कॅन्सर निघाला. त्यानंतर २०२२ पासून तिथे घरात इतिहास असलेल्यांसाठी सरकारी तपासणी सुरू झाली. यातल्या काही गाठी इतक्या संथ असतात की त्यांनी आयुष्यात त्रासच दिला नसता, ही शंका तिथेही आहे. तुमची आत्या म्हणजे जवळचं नातं, आई, बाबा किंवा भावंडांत अजून कुणी असेल तर प्रत्यक्ष येऊन बोला. प्रोटीनची बहुतेक पॅनल सिगरेटवाल्यांच्या रक्तावर बनलीत, ती तुमच्यासाठी करू नका.

सरकारी कार्यक्रमात सध्या तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही. तोपर्यंत ज्याचा धोका आहे त्यालाच शोधून सीटीपर्यंत नेणं आपल्या हातात आहे. गिरणे, क्रशरवरच्या तुमच्या ओळखीच्या माणसांना सांगा. सिलिकाची धूळ आणि डिझेलचा धूर दोन्ही कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गटात आहेत, त्यावर विडी म्हणजे दुप्पट भीती. खोकला तीन आठवडे राहिला की थुंकी आणि सीटी, दोन्ही.

कोलशेत_मुक्ता
अपडेट देते. लो डोस सीटी झाला. उजव्या फुफ्फुसात वर एक जुना कॅल्शियम झालेला डाग, आणि खाली ५ मिलिमीटरची एक बारीक गाठ. कपाटाच्या वरच्या खणात बाबांच्या कंपनीच्या मेडिकलची जुनी फिल्म सापडली, वरचा डाग त्यातही आहे, म्हणजे जुना टीबी कधीतरी होऊन गेलाय आणि कुणाला कळलंही नाही. ५ मिलिमीटरच्या गाठीला डॉक्टर म्हणाले आत्ता काही करायचं नाही, वर्षाने परत लो डोस सीटी. सीईए त्याच लॅबमध्ये ६.५ आला. पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगितलीय, ती पुढच्या आठवड्यात. बाबा आता जेवतायत, काल स्वतःहून मासळी आणली.

आमच्या कमिटीत हा धागा वाचून दाखवला. पुढच्या कॅम्पला मार्करचं पॅकेज ठेवायचं नाही असं ठरलंय, त्याऐवजी एक फॉर्म भरून घेऊ म्हणतात. काय लिहावं त्यात?

वाशी_ट्यूब
मुक्ताताई, एवढं छापा, मोठ्या अक्षरात:
"वय ५० च्या वर आहे का? रोज किती सिगरेट किंवा विड्या, किती वर्षं? सोडली असल्यास कधी? दगडखाण, क्रशर, अॅस्बेस्टॉस, वेल्डिंग, डिझेलच्या धुरात काम केलंय का? आई-वडील, भावंडांपैकी कुणाला फुफ्फुसाचा कॅन्सर? तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, विनाकारण वजन उतरणं? यात 'हो' असल्यास कॅम्पमधल्या छातीच्या डॉक्टरांना आजच भेटा."
आणि लॅबऐवजी छातीचा डॉक्टर बोलवा.

तुर्भे_गिरणे
त्यात हेही टाका, 'टीबीची औषधं चालू आहेत किंवा झालीत का, आणि थुंकी तपासली होती का?' आणि फॉर्म वॉचमन, सफाईवाले, ड्रायव्हर यांच्याकडूनही भरून घ्या. लिहिता येत नसेल तर कुणीतरी शेजारी बसून भरा. आमच्या नाक्यावर लावायला मला त्याची फाइल पाठवा.